निळ्या छपराचं घर

बोंडेनी, दारेसलाम
शुक्रवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय मेव्हणे मिहायो यांस सेफू कोंडोचा शिकामू.

शिकामू म्हणजे तुमचे पाय धरले असं समजा. कागदावरच धरतो, कारण पस्तीस वर्षं रेल्वेच्या बुटांत मुरलेले ते पाय समक्ष धरण्याइतकी माझी तब्येत आता राहिलेली नाही. (इथे तुम्ही हसला नसाल तर पत्र वहिनींकडे द्या, त्या हसतील.) तुम्ही, वहिनी, मुलं, सुना आणि झाडांवर टांगलेल्या पेट्यांमधल्या तुमच्या त्या असंख्य मधमाश्या, सगळे खुशाल असाल. वहिनींच्या कमरेला आराम आहे का? मागे कुणीतरी सांगत होतं की तुम्ही त्यांच्या कमरेला मधमाश्या चाववून दुखणं घालवणार होता. तसं खरंच केलं असेल तर आता तुमची तब्येत कशी आहे तेही कळवा. आम्ही इकडे धडधाकट आहोत, काळजी काय ती तुमचीच. तुमच्या बहिणीचे, म्हणजे आमच्या काबुलाचे, गुडघे पूर्वीसारखेच आहेत. एक पावसाचा अंदाज सांगतो आणि दुसरा त्याला दुजोरा देतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे की फोनवर आपली पहिली दहा मिनिटं एकमेकांच्या जमातीचा उद्धार करण्यात जातात. तुम्ही न्यामवेझी, आम्ही झारामो, म्हणजे एकमेकांच्या थट्टेचा हक्क पिढीजात, आणि त्यात मी तुमचा मेव्हणा, म्हणजे तो दुहेरी. मी म्हणायचं की तुमचे आजे-पणजे पाठीवर हस्तिदंत घेऊन समुद्रापर्यंत चालत आले आणि परतीची वाट विसरले. तुम्ही म्हणायचं की आमचे आजे-पणजे माडाखाली नारळ पडायची वाट बघत बसले होते ते अजून बसलेच आहेत. तेवढ्यात फोन बंद पडतो आणि मुद्दा राहून जातो. या पत्रात तसा मुद्दा काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वेळ होता म्हणून सहज लिहायला बसलो.

बोंडेनीची हकीकत तुम्हाला ठाऊकच आहे. कोरड्या दिवसांत आमची नदी इतकी अशक्त असते की कोंबडीसुद्धा पोट न भिजवता पलीकडे जाते, आणि मार्च लागला की तीच नदी आमंत्रण दिल्यासारखी घरात येते. दर मोठ्या पावसानंतर आम्ही पलंगाच्या चारही पायांखाली एकेक वीट वाढवतो. आता आठ झाल्या. काबुला स्टुलावर चढून पलंगावर जाते, आणि मी तिला म्हणतो, तुझ्या भावाला उंचावरची जागा आवडते ना, तुला मी घरातल्या घरात डोंगर करून दिला. (ती काही बोलत नाही. तुमच्या घराण्यातल्या बायका मोजकं बोलतात आणि पुरुष त्याची भरपाई करतात.) यंदा एप्रिलमध्ये पाणी आलं ते भर दुपारी आलं आणि सातव्या विटेला टेकलं. आम्ही दोघं पलंगावर बसून रेडिओ ऐकला. संध्याकाळी पाणी आपणहून निघून गेलं. विशेष काही नाही.

तर या पाण्याचा बंदोबस्त करायला एका कचेरीने जोविता नावाच्या इंजिनीयर बाई पाठवल्या. बुकोबाकडच्या आहेत, उंच, बारीक, बूट कायम चिखलाने माखलेले. यापूर्वी जे जे साहेब आले ते नदीकडे पाठ करून फोटो काढून गेले. या बाई मात्र सहा महिने घरोघर हिंडल्या, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा टेपने मोजल्या, आणि काठावरच्या लापशीवाल्या बी म्वान्तुमुच्या दारात बाकावर बसून रोज सकाळी तिची लापशी प्यायल्या. बी म्वान्तुमु त्यांना साखर जास्त घालायची, आणि त्या जास्त साखरेच्या बळावर नदी आपल्या घरापासून जरा लांब दाखवावी अशी तिची अपेक्षा होती. सहा महिन्यांनी बाईंनी मशिदीच्या अंगणात सभा घेतली आणि एकच वाक्य बोलल्या, "नदी तुमच्या घरात येत नाही, तुम्ही तिच्या घरात राहताय." मग मास्तर चाउरेंबो उठले. (भूगोल शिकवून निवृत्त झालेत. त्यांना तुम्ही ओळखता. तुमच्याशी खेळताना बाओच्या पटावरचे दाणे खिशात टाकायचे तेच.) ते म्हणाले, "मग बाई, इतकी वर्षं तिने भाडं का नाही मागितलं?" बाई म्हणाल्या, "दर एप्रिलात मागते की. तुम्ही पलंग उंच करता."

बाईंचा बेत असा होता. नदीला दोन्ही अंगांनी मोकळी जागा द्यायची. काठावर घरं नकोत. तिथे गवत, भाज्यांचे वाफे, पाणी धरून ठेवणारी झाडं, आणि एक फुटबॉलचं मैदान, जे वर्षातून चार दिवस बुडालं तरी कुणाचा पलंग भिजत नाही. घरं चढावर, तेलगिरणीच्या जुन्या जागेवर, मजल्यावर मजला घालून बांधायची. सगळ्यांत खाली नुसते खांब, म्हणजे पाणी आलंच तर खांबांना भेटून परत जाईल. रस्ते असे की पावसाचं पाणी वाहत न सुटता जमिनीत मुरेल. ऐकायला सगळं छान होतं. अडचण एवढीच की काठावर घरं चाळीस आणि तेलगिरणीच्या जागेत मावणार तीस. म्हणजे कोण वर जाणार आणि कुणाचा दिवाणखाना फुटबॉलचं मैदान होणार, हे ठरायचं होतं.

ते तुम्हीच ठरवा, असं म्हणून बाईंनी एक फळी आणवली. फळी म्हणजे आपल्या दोन दारांएवढी. तिच्यावर प्लास्टरचा चढ, पत्र्याची नदी, एक पूल, मशीद, तेलगिरणी, तुम्ही चढावर घेऊन मोकळ्या ठेवलेल्या जागेतलं चिंचेचं झाडसुद्धा (वाळलेल्या शेवाळाचं, हुबेहूब), आणि साबणाच्या वडीएवढी लाकडी घरं. घरं सुतार दिहेंगाने केली आणि छपरं ज्याची त्याने रंगवली. आमचं निळं. होडीच्या रंगातला थोडा रंग उरला होता तो दिला. बाई म्हणाल्या, "ही फळी तुमची आहे. महिनाभर येऊन बघा, एकमेकांशी बोला, मग आपण तिच्यावर पाणी ओतून बघू." फळी ठेवायची कुठे, तर ज्याच्या बैठकीच्या खोलीला कुलूप आहे तिथे, म्हणजे माझ्याकडे. शिवाय मी दहा घरांचा पुढारी. (दहा म्हणायची पद्धत आहे. मोजली तर सत्तावीस भरतात.)

आता लोकांनी बघायचं होतं डोळ्यांनी, पण आमच्याकडे हात लावल्याशिवाय बघितल्यासारखं वाटत नाही. मी दुपारच्या नमाजाला गेलो की खोली उघडी असायची, आणि काबुला मागच्या अंगणात तांदूळ निवडत असायची. पहिल्या सोमवारी मी परत आलो तर बी म्वान्तुमुचं घर नदीकाठावरून उठून थेट मशिदीच्या दाराशी जाऊन बसलं होतं. मंगळवारी मास्तरांचं घर तेलगिरणीत शिरलं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले की मूळ नकाशाच चुकला होता, मी तो भूगोलाच्या दृष्टीने दुरुस्त केला. बुधवारी सहा घरं एकदम गेली. त्या आठवड्यात दुपारच्या नमाजाला मशिदीत इतकी कमी माणसं होती की इमामसाहेबांनी मला एकट्यालाच उद्देशून प्रवचन केलं. विषय होता शेजाऱ्यांचा प्रामाणिकपणा. मी मान डोलावत होतो, आणि तिकडे माझ्या बैठकीत शेजारी उतारावरून चढावर जात होते.

दिहेंगाची तऱ्हा वेगळी. त्याने आपलं घर तेलगिरणीच्या सगळ्यांत उंच कोपऱ्यावर नेलं आणि खालून दोन खिळे मारून ठेवले. मी म्हटलं, "दिहेंगा, हे काय?" तर म्हणाला, "पुढारी, मी सुतार आहे. माझ्या हातचं काम हललेलं मला खपत नाही." म्हणजे ज्याने सगळ्या मोहल्ल्याची घरं केली त्याचंच तेवढं पक्कं. दुसऱ्यांच्या घरांना त्याने नुसता तळ तासून दिला होता, आणि सरकायला तो फार सोयीचा पडत होता. तिसऱ्या आठवड्यात वरच्या बाजूला इतकी दाटी झाली की घरांवर घरं चढली. मी कुणाचंही घर परत खाली ठेवलं नाही. पुढाऱ्याने लोकांच्या भावनांना हात लावू नये असं माझं मत आहे.

मात्र एक घर मी रोज परत ठेवत होतो, ते आमचं. झालं असं की दुसऱ्या आठवड्यापासून निळ्या छपराचं घरही हलायला लागलं. पण ते मशिदीकडेही जाईना आणि तेलगिरणीतही जाईना. रोज दुपारी मी नमाजाहून परत यावं आणि ते शेवाळाच्या चिंचेखाली, तुमच्या मोकळ्या जागेत, सावलीला बसलेलं असावं. तोंड नदीकडे. मी त्याला उचलायचो, काठावर ठेवायचो, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच. हे कोण करतंय याचा मी बराच विचार केला. मास्तर करणार नाहीत, त्यांना दुसऱ्याच्या भल्याची सवय नाही. शेवटी माझा संशय मांजरावर गेला.

मी ते का परत ठेवत होतो, हे तुम्ही विचारणार नाही, कारण तुम्ही विसरला नसाल. आमच्या लेकीच्या, झुहुराच्या लग्नात तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "सेफू, मी वरची जागा घेतली. शेजारची अजून मिळते आहे, घेऊन टाक." सरळ बोलणं होतं, थट्टेचं नव्हतं. आणि मी पुलावची थाळी हातात घेऊन भर मांडवात ओरडलो होतो की, ऐका हो ऐका, माणसं पाण्याजवळ राहतात आणि माकडं डोंगरावर. आमच्या मेव्हण्यांनी आपली जात ओळखून जागा घेतली. दोनशे माणसं हसली. तुम्हीही हसलात. पण थाळीतला पुलाव तुम्ही अर्धा ठेवलात, ते मी पाहिलं होतं. त्याला बारा वर्षं झाली. थट्टेला उलट थट्टा करायचा तुमचा हक्क आहे आणि तुम्ही तो अजून वापरला नाहीत. दर एप्रिलला तुमचा फोन येतो, पाणी कुठवर आलं विचारता, आणि माकडाचं नाव काढत नाही. याने माणूस किती हैराण होतो, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही.

असो. गेल्या शनिवारी सकाळी फळी आठ जणांनी उचलून मशिदीच्या अंगणात नेली. सगळा मोहल्ला जमला होता. बी म्वान्तुमु लापशीचं पातेलं घेऊनच आली, कारण जिथे माणसं उभी राहतात तिथे भूक लागते हे तिला ठाऊक आहे. जोविताबाईंनी जास्वंदीच्या फुलांनी लाल केलेलं पाणी तीन बादल्या आणलं होतं, लांबून दिसावं म्हणून. त्यांनी फळीवरचं कापड काढलं. खालचा काठ सगळा ओसाड, वर घरांची ही गर्दी, आणि काठावर एकटं निळं छप्पर. बाई एकदा फळीकडे बघत, एकदा आमच्याकडे. आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो. मला वाटलं आता पोलिसात जातील.

बाईंनी पहिली बादली ओतली. नदी भरली. दुसरी ओतली, पाणी काठ ओलांडून मोकळ्या जागेत पसरलं, गवताच्या जागी गवतावर, मैदानाच्या जागी मैदानावर, आणि तिथेच सुस्त पडून राहिलं. तिसरी ओतली तरी मशिदीची पायरी कोरडी. एकाही घराला थेंब लागला नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "सहा महिने मी हेच समजावत होते. तुम्ही कुणी न सांगता, आपापसांत ठरवून, नदीला तिची जागा देऊन टाकलीत!" अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी एकमेकांच्या चोरून घरं सरकवली होती ते एकमेकांना मिठ्या मारत होते. मास्तर पुढे होऊन म्हणाले की हा निर्णय घेणं सोपं नव्हतं. टाळ्या थांबल्यावर एकेकाच्या ध्यानात यायला लागलं की आपण आपल्या हाताने आपलं घर मैदानाला देऊन बसलो आहोत, पण तोवर बाईंनी कागदावर लिहून घेतलं होतं. आणि पाणी तर डोळ्यांदेखत थांबलं होतं, त्याला खोटं कसं म्हणणार?

आमच्या घराचं काय झालं ते राहिलं. दुसऱ्या बादलीला ते तरंगलं. लाकूडच ते. गोल गोल फिरत पुलाखालून गेलं, फळीच्या कडेला क्षणभर थांबलं, आणि तिथे उभ्या असलेल्या मास्तरांच्या लापशीच्या कपात पडलं. सगळं अंगण हसलं. सर्वांत मोठ्याने मी हसलो, कारण असं काही झालं की सर्वांत मोठ्याने आपण हसावं हे मी लहानपणापासून पाळत आलोय. "मास्तर," मी म्हटलं, "भाडेकरू आला, साखर कमी घाला." काबुला मात्र हसली नाही. तिने मास्तरांच्या हातातला कप घेतला, बोटांनी घर बाहेर काढलं, अंगावर गुंडाळलेल्या कांग्याच्या टोकाने पुसलं आणि टोकाला गाठ मारून त्यात बांधून ठेवलं. तशीच घरी निघून गेली. माझ्यासाठी थांबली नाही.

मग याद्या झाल्या. तेलगिरणीच्या जागेवर तीस जण. उरलेल्या दहांपैकी ज्यांची नात्यात कुणाची वर जागा आहे त्यांनी तिकडे जावं, पण मालकाची लेखी संमती महिन्याच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत आणावी, तीही मालकाने स्वतः सही केलेली. ज्यांना ती मिळणार नाही त्यांना शहराबाहेर तीस किलोमीटरवर जागा देणार. माझं नाव तेलगिरणीच्या यादीत घालायला बाई निघाल्या होत्या तेवढ्यात मास्तर ओरडले, "सेफूला काय कमी आहे? वर मेव्हण्याची अख्खी जागा मोकळी पडलीय!" सगळे म्हणाले, खरं आहे, खरं आहे. मी म्हटलं मला कुठेच जायचं नाही, मी आहे तिथे बरा आहे. बाईंनी नकाशा उलगडून दाखवला आणि फार सभ्यपणे सांगितलं की माझ्या बैठकीत गोलपोस्ट येतो. मी विचारलं की मग गोलकीपर म्हणून राहता येईल का. त्या हसल्या आणि वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाल्या, "मझी सेफू, गुरुवार लक्षात ठेवा."

तेव्हा असं आहे. शहराबाहेर म्हणे हवा छान आहे. मशीद अजून बांधायची आहे, बाजार नाही, ओळखीचं कुणी नाही, पण हवा छान. मी काही त्याची काळजी करत बसलेलो नाही. फळी परत माझ्या बैठकीत आली आहे, आणि रविवारी दुपारी बघतो तर निळं घर पुन्हा तुमच्या चिंचेखाली. ते काही मी परत खाली ठेवलं नाही. वाकायचा कंटाळा आला होता.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना शिकामू, मुलांना आशीर्वाद, मधमाश्यांना दुरून नमस्कार.

तुमच्या थट्टेचा धनी,
सेफू कोंडो

ता. क. — पत्र लिहिण्याचं खरं कारण शेवटी आठवलं. थोडा मध पाठवा. काळा, मियोंबोच्या जंगलातला. घाई नाही, पण या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारच्या आत पोचला तर बरं. मधाचंच म्हणतोय.

आणखी ता. क. — तुमच्या चिंचेला यंदा भरपूर चिंचा लागल्या आहेत. कुणीही येतं आणि तोडून नेतं. जवळपास कुणीतरी राहायला असतं तर लक्ष ठेवलं असतं. मी आपला निरीक्षण म्हणून लिहिलं. पायाच्या ज्या चार भिंती तुम्ही घालून ठेवल्या आहेत त्या अजून शाबूत आहेत. मी चालून बघितलं, बैठक पूर्वेला काढली तर वारा चांगला येईल. कुणाचीही काढली तरी.

शेवटचा ता. क. — थट्टेच्या हक्कात एकमेकांची वस्तू न विचारता उचलली तरी चोरी होत नाही, उचलणाऱ्याने हसायचं आणि ज्याची गेली त्यानेही हसायचं, हे आपल्याकडे चालत आलेलं आहे. तुमचे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या कबरीत उतरून आडवा झालो होतो आणि कोंबडा दिल्याशिवाय उठणार नाही म्हणून अडून बसलो होतो. रडता रडता तुम्हीच हसून मला हात देऊन वर काढलंत. तेव्हा तुमची जागा थट्टेने घेऊन टाकावी, संमतीच्या कागदावर तुमची सही मीच ठोकून द्यावी, असं चार दिवस माझ्या मनात होतं. तुम्हाला हसावंच लागलं असतं. कागद काढला, पेन काढलं, "मिहायो" मधला "मि" लिहिलाही. मग फाडून टाकला. टोपी पळवावी, कोंबडा पळवावा. जागा तशी घेऊ नये. म्हणून ती मी घेतलेली नाही. आणि मागितलेलीही नाही, हे पत्र पुन्हा वाचून खात्री करून घ्या.

दादा,

याखालचं मी लिहिते आहे, काबुला. त्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि नमाजाला गेले.

आमच्याकडे मांजर नाही. घर रोज मीच चिंचेखाली ठेवत होते. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, कारण ते परत खाली ठेवताना मी मागच्या दारातून बघायची, आणि मी बघतेय हे त्यांना कळायचं. ठेवण्याआधी ते बाहीने छपरावरची धूळ पुसायचे.

एप्रिलमध्ये पाणी सातव्या विटेला नाही टेकलं. गादी बुडाली होती. रेडिओ तर त्याआधीच पाण्याखाली गेला होता. माझे गुडघे धरले होते, मला उभं राहवेना, म्हणून त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि पलंगावर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत. सगळा वेळ आपल्या लोकांची थट्टा करत होते, की तू न्यामवेझीची मुलगी आणि ओझं मात्र झारामोने वाहायचं. मी हसत होते. पण त्यांचे पाय लटपटत होते ते मला पाठीवर कळत होतं. दादा, त्यांचं वय अडुसष्ट आहे. पुढच्या एप्रिलात ते मला उचलू शकणार नाहीत, आणि उचलल्याशिवाय राहणारही नाहीत.

थट्टेचा हक्क त्यांचा आणि तुझा आहे. मी बहीण. मला तुझं काही थट्टेने घेता येत नाही, मागावंच लागतं. म्हणून मागते. तुझी वरची जागा आम्हाला दे.

मध नको पाठवूस. तू स्वतः ये, गुरुवारच्या आत, आणि सही कर. आणि आलास की माकडांची गोष्ट तू काढू नकोस. ती त्यांना काढू दे. नाहीतर ते वर चढायचे नाहीत.